गुजरातचे सौरऊर्जा धोरण (२००९) : दराची हमी आणि कराराची कसोटी

भारतातील अपारंपरिक ऊर्जेच्या इतिहासात गुजरात शासनाच्या २००९ च्या सौरऊर्जा धोरणास स्वतंत्र स्थान आहे. केंद्र शासनाचे राष्ट्रीय सौर अभियान जानेवारी २०१० मध्ये सुरू झाले. त्यापूर्वी सुमारे एक वर्ष गुजरातने आपले धोरण जाहीर केले होते. नवीकरणीय ऊर्जेस चालना देण्याची जबाबदारी वीज कायदा, २००३ ने राज्य आयोगांवर सोपविली होती. त्याच चौकटीत हे धोरण आकारास आले.

धोरणाचा कणा म्हणजे दराची हमी. गुजरात विद्युत नियामक आयोगाच्या जानेवारी २०१० च्या आदेशाने सौरविद्युत प्रकल्पांसाठी पहिली १२ वर्षे प्रतियुनिट १५ रुपये आणि नंतरची १३ वर्षे ५ रुपये असा दर ठरला. केंद्राच्या अभियानात उद्योजकांना दर उतरविण्याची स्पर्धा करावी लागे. गुजरातेत दर आधीच निश्चित असल्याने बँकांना २५ वर्षांच्या उत्पन्नाचा अंदाज बांधता आला. पाटण जिल्ह्यात, कच्छच्या छोट्या रणाच्या कडेला चारणका येथे शासनाने सौर उद्यान उभारून जमीन व वीजवाहिन्यांची सोय केली. एप्रिल २०१२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले.

तथापि, याच काळात सौरपट्ट्यांच्या किमती जगभर झपाट्याने घसरल्या. चढ्या दराने घेतलेल्या विजेचा भार अखेरीस ग्राहकांच्या देयकांवर पडणार होता. प्रकल्पांचा प्रत्यक्ष खर्च गृहीत धरल्यापेक्षा कमी आला, या कारणास्तव वीज खरेदी करणाऱ्या गुजरात ऊर्जा विकास निगम या शासकीय कंपनीने २०१३ मध्ये दर कमी करण्याची मागणी आयोगापुढे केली. झालेले करार मागाहून बदलता येणार नाहीत, या भूमिकेतून आयोगाने ती फेटाळली. २०१४ मध्ये विद्युत अपिलीय न्यायाधिकरणानेही निगमाचे अपील अमान्य केले.

या निर्णयांनी ग्राहकांवरील भार हलका झाला नाही, हे मान्य करावे लागते. परंतु शासनाच्या शब्दावर भांडवल गुंतविणाऱ्यांचा विश्वास अबाधित राहिला. डिसेंबर २०२० मध्ये याच निगमाच्या लिलावात बोली प्रतियुनिट १.९९ रुपयांपर्यंत उतरली. या घसरणीचे मुख्य श्रेय जागतिक बाजारपेठेकडे जाते; मात्र स्वस्त बोली लावणाऱ्यासही करार पाळला जाण्याची खात्री लागते. २०११ च्या अखेरीस सुरू झालेल्या प्रकल्पांची चढ्या दराची १२ वर्षे २०२३ मध्ये पूर्ण झाली. धोरणाचे मूल्यमापन करताना त्या वर्षांत ग्राहकांनी मोजलेली किंमतही हिशेबात धरणे आवश्यक ठरते.