मोह, माडी आणि बर्बन

१६ जानेवारी १९१९ रोजी अमेरिकेच्या राज्यघटनेतील अठराव्या दुरुस्तीला आवश्यक तितक्या राज्यांची मान्यता मिळाली आणि त्या देशातील दारूबंदीचा मार्ग मोकळा झाला. आठवड्याभरातच, २३ जानेवारीला, राम गणेश गडकरी सावनेर येथे निवर्तले आणि पुढच्या महिन्यात त्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले. हा निव्वळ योगायोग आहे. पण त्यातून एक प्रश्न सुचतो. ‘एकच प्याला’वर आपल्याकडे विपुल लिहिले गेले. सुधाकराची शोकांतिका, सिंधूचे पातिव्रत्य, तळीरामाचा विनोद आणि त्याचे ‘आर्य मदिरा मंडळ’ यांची चिकित्सा पिढ्यान् पिढ्या वर्गात होत आली आहे. मात्र त्या प्याल्यातला द्रव कशापासून तयार झाला, कोणी गाळला, कोणत्या कायद्याखाली विकला गेला, हे सहसा विचारले जात नाही. टीकेच्या लेखी प्याला हे प्रतीक असते. इतिहासाच्या लेखी मात्र दारू ही आधी एक वस्तू आहे. तिच्यामागे शेत असते, झाड असते, कर असतो आणि जात व वर्गही असतात.

अमेरिकन राय आणि बर्बन या दोन व्हिस्कींचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. येथील ‘राय’ म्हणजे फोडणीतली राई नव्हे. गव्हाच्या कुळातले, थंडीत आणि निकस जमिनीतही तग धरणारे हे धान्य युरोपातून आलेल्या वसाहतकऱ्यांनी पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड या भागांत पेरले. डोंगर ओलांडून केंटकीकडे गेलेल्यांना मक्याची जमीन मिळाली. जमिनीचा हा भेद पुढे चवीत उतरला. राय तिखटसर, मिरी-मसाल्याची आठवण देणारी आणि कोरडी. बर्बन गोडसर, व्हॅनिला आणि करपवलेल्या साखरेच्या वळणाची. आजच्या अमेरिकन नियमांनुसार बर्बनच्या धान्यमिश्रणात किमान ५१ टक्के मका आणि रायमध्ये किमान ५१ टक्के राय असावी लागते. दोन्ही आतून जाळून कोळसवलेल्या नव्या ओक पिंपांत मुरवाव्या लागतात. रंग आणि गोडवा यांचा मोठा वाटा त्या जळक्या लाकडाचा असतो.

या व्हिस्कीचे मूळ ऐषआरामात नव्हते. ते शेतकऱ्याच्या अडचणीत होते. डोंगरापलीकडून धान्य बाजारात नेणे परवडत नसे. तेच धान्य गाळून पिंपात भरले, तर त्याच घोड्यावर कितीतरी अधिक मोलाचा माल जाई, आणि तो सडतही नसे. रोकड दुर्मीळ असलेल्या त्या मुलुखात व्हिस्की चलनासारखी फिरे. १७९१ साली अलेक्झांडर हॅमिल्टनच्या पुढाकाराने तिच्यावर कर बसला, तेव्हा पश्चिम पेनसिल्व्हेनियातील शेतकऱ्यांना तो आपल्या जगण्यावरचा कर वाटला. १७९४ साली असंतोषाचे बंडात रूपांतर झाले आणि ते मोडण्यासाठी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी सुमारे १३,००० शिबंदी उभी केली. तेच वॉशिंग्टन निवृत्त होताच माउंट व्हर्नन येथे मोठी भट्टी चालवू लागले. तिच्यात मुख्यतः रायची व्हिस्की निघे आणि १७९९ साली तिचे उत्पादन सुमारे ११,००० गॅलन होते. बंड मोडणारा आणि भट्टी लावणारा माणूस एकच होता. दारू वाईट म्हणून राज्यसत्ता तिच्यावर उठली नव्हती. तिला महसूल हवा होता.

हे सूत्र हाती धरून मुंबईकडे यावे. माहीम, दादर, वडाळा, शिवडी हा पट्टा आज चाळी, गोद्या आणि मनोऱ्यांचा आहे. पण बेटांच्या काळात त्याच्या पश्चिमेला माडांच्या वाड्या होत्या आणि पूर्वेला खाजणे व मिठागरे. माडावर चढून रस उतरवणे हा भंडारी समाजाचा परंपरागत व्यवसाय. माझगावचा भंडारवाडा आणि ताडवाडी ही नावे त्याची साक्ष देतात. पहाटे उतरवलेला ताजा रस म्हणजे नीरा. ऊन चढेल तशी ती आपोआप आंबते आणि माडाची असेल तर माडी, ताडाची असेल तर ताडी होते. तीच गाळली की कडक दारू. ठाणे-कुलाब्याच्या डोंगरपट्टीत माडाची जागा मोहाने घेतली होती. चैत्राच्या सुमारास गळणारी ही रसदार फुले आदिवासी वेचतात, वाळवतात, दुष्काळात खातात आणि भिजवून-आंबवून त्यांची दारू गाळतात. पेनसिल्व्हेनियात जी जागा रायची, ती येथे माडाची आणि मोहाची होती.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ही घडी विस्कटली. रस काढण्याच्या झाडांवरील कराचा बोजा वाढला. गावोगावच्या छोट्या भट्ट्यांऐवजी मोजक्या मोठ्या भट्ट्यांत दारू गाळावी आणि मक्तेदारांनी ती विकावी, अशी व्यवस्था आली. उरणच्या भट्ट्या बहुतांशी पारशी मालकांच्या होत्या. तेथे गुजरातेतून आणलेल्या मोहाची दारू निघे आणि मुंबईला पुरवली जाई. मग १८९२ साली मोहाच्या फुलांविषयी स्वतंत्र कायदा झाला आणि ठाणे-कुलाबा भागात फूल बाळगण्यावरच निर्बंध आले. फूल हे अन्न की दारूचा कच्चा माल, हा वाद तेव्हा झाला. सरकारने दुसरा अर्थ पसंत केला, कारण त्याला महसूल होता. ज्याच्या अंगणात फूल पडे, तो आदिवासी ते उचलल्याबद्दल गुन्हेगार ठरू लागला. पेनसिल्व्हेनियाच्या शेतकऱ्यांवरचा कर १८०२ साली रद्द झाला, कारण त्यांना मत होते. आपल्याकडच्या आदिवासीला ते नव्हते.

राष्ट्रीय चळवळीने दारूबंदीचा आग्रह धरला, त्यामागे खरी वेदना होती. गिरणगावातील पगाराचा दिवस आणि घरी पोचणारी रक्कम यांचे नाते कोणाला ठाऊक नव्हते? खेर मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० साली मोरारजी देसाई गृहमंत्री असताना बंदी संपूर्ण झाली. अमेरिकेचा प्रयोग तर ५ डिसेंबर १९३३ रोजीच गुंडाळला गेला होता. त्यातली एक गोष्ट मात्र येथे जशीच्या तशी दिसते. तिकडे बंदीच्या काळात डॉक्टरच्या चिठ्ठीवर ‘औषधी’ व्हिस्की मिळे; इकडे प्रकृतीच्या कारणास्तव परवाना मिळे. ज्याला डॉक्टर आणि अर्ज दोन्ही परवडत, तो आजारी ठरला. ज्याला परवडत नसे, तो आरोपी.

त्या आरोपींचा एक भूगोल वडाळ्याच्या आसपास घडला. अँटॉप हिल, कोळीवाडा, धारावी येथील खाजणांच्या आडोशाने हातभट्ट्या उभ्या राहिल्या. वरदराजन मुदलियारचे नाव याच धंद्याशी जोडले गेले. गूळ, नवसागर आणि मिळेल ते सडवून निघणाऱ्या या दारूला ना झाडाची ओळख होती, ना शेताची. मराठी साहित्यात ती उशिरा आली. बाबुराव बागूल, भाऊ पाध्ये, नामदेव ढसाळ यांच्या लेखनाने ज्या वस्त्यांना शब्द दिले, तेथे दारू नीतिपाठ म्हणून येत नाही. ती वस्तीच्या अर्थव्यवस्थेचा भाग असते. सुधाकराच्या प्याल्यापासून येथवरचे अंतर हे अभिरुचीचे नाही, ते वर्गाचे आहे. २०१५ साली मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे दगावली, तेव्हाही मरणारे बहुतेक त्याच वर्गातले होते.

येथे एक आक्षेप रास्त आहे: मोहाच्या कैवारात दारूचे उदात्तीकरण तर होत नाही ना? गडचिरोलीतील आदिवासी स्त्रियांचा दारूबंदीसाठीचा लढा आणि मतदानाने ‘बाटली आडवी’ करणारी गावे यांच्यापुढे असे उदात्तीकरण टिकणार नाही. पण याच राज्याने २००७ साली ज्वारी, बाजरी, मका यांपासून मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्यांना अनुदानाची योजना आणली, तेव्हा शेतकऱ्याचे हित हेच कारण पुढे केले गेले, आणि डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी तिला विरोध केला. पेनसिल्व्हेनियात शेत आणि भट्टी यांचा मालक एक होता. येथे शेत एकाचे आणि कारखाना दुसऱ्याचाच होता. व्यसनाचे दुःख तेवढे दोन्हीकडे सारखे.

१९६४ साली अमेरिकन काँग्रेसने बर्बन हे आपल्या देशाचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन असल्याचा ठराव केला. दारूबंदीने जवळपास संपवलेली रायही या शतकात पुन्हा मानाने गाळली जाऊ लागली. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रात एप्रिल २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने काजूबोंडे आणि मोहाची फुले यांपासूनच्या दारूला प्रतिष्ठा देण्याचा निर्णय घेतला. तो असा, की तिला ‘देशी’ न म्हणता ‘विदेशी मद्या’चा दर्जा द्यावा.

भाषेच्या अभ्यासकाने या शब्दापाशी थांबावे. अबकारीच्या परिभाषेत ‘देशी’ आणि ‘विदेशी’ ही भूगोलाची विशेषणे कधीच नव्हती. ती प्रतिष्ठेची होती. सह्याद्रीत फुललेले, आदिवासी बाईने वेचलेले फूल ‘विदेशी’ म्हटल्याशिवाय सभ्य ठरत नाही, यात १८७८ पासूनचा सगळा इतिहास आला. अमेरिकेने आपल्या भट्टीला आपले म्हणून मान दिला. आपण मान द्यायचा ठरवला, तेव्हा आधी तिचे नाव परके केले.