एक घर पुढे

नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी पुन्हा बुद्धिबळ खेळायला लागले, तेव्हा घरातल्या-शेजारच्या बऱ्याच जणांनी ऐकवलं की हा खेळ सातव्या-आठव्या वर्षी हातात बसला तर बसला, पुढे काही खरं नाही. आजच्या स्पर्धांतली पोरं पाहिली की ते पटतंही. पण आपल्या देशात आजचं बुद्धिबळ रुजवलं कोणी, हे शोधायला गेलं तर जाणत्या वयात हा खेळ नव्याने शिकलेली माणसंच भेटतात.

मी लहानपणी शिकले तो खेळ आणि आता खेळते तो खेळ, दोन्ही वेगळे. आजोबांनी शिकवला तो देशी डाव. त्यात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर सरकायचं. किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी राजाला साऱ्या डावात एकदाच घोड्याची अडीच घरांची उडी मिळे, तीही तोवर शह बसलेला नसेल तर. प्यादं शेवटच्या रांगेत पोचलं की ज्या घरात पोचलं त्या घराचं मोहरं होई: हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट. मात्र तसं मोहरं आधी मेलेलं असायला हवं. समोरच्याची सगळी मोहरी मारून टाकली तर ती जीत धरत नसत, ती बुर्जी, म्हणजे बरोबरी. त्यामुळे जिंकत आलेल्यालाही समोरच्याचं एखादं मोहरं जपावं लागे. आणि मात प्याद्याने केली तर तिच्यासारखी मात नाही! प्यादेमात साधावी म्हणून आजोबा सरळ दिसणारी वजिराची मात सोडून देत. त्या बेताला किती पुढचं पाहावं लागतं ते मला आत्ता कळतंय.

हा डाव संथ खरा, पण कच्चा मुळीच नव्हता. प्यादं एकेकच घर चालणार म्हटल्यावर दोन्ही फौजा समोरासमोर भिडायला वेळ लागतो. तोवर आपली तटबंदी नीट उभारायची. घोड्यापुढचं प्यादं एक घर पुढे घ्यायचं आणि त्या मोकळ्या जागी उंट आणून बसवायचा, की तो तिथून सगळा तिरका पट्टा राखतो. आमच्या घरी ही रीत इतकी अंगवळणी पडलेली होती की तिला नाव असायचं कारणच नव्हतं.

जगाने तिला नाव दिलं ते एका बंगाली ब्राह्मणामुळे. जॉन कॉक्रेन हा कलकत्त्याचा बॅरिस्टर तेव्हाच्या नामांकित खेळाडूंपैकी एक होता. 1848 मध्ये कलकत्त्याबाहेर मोफसलात महेशचंद्र बॅनर्जी सापडले. पुढे दोघांचे कितीतरी डाव झाले आणि कॉक्रेनने ते लिहून ठेवले. 1855 च्या एका डावात महेशचंद्रांनी काळ्या मोहऱ्यांनी केलेली सुरुवात आज ग्रुनफेल्ड म्हणून ओळखली जाते. ज्याच्या नावाने ती ओळखली जाते तो ग्रुनफेल्ड तेव्हा जन्मलाही नव्हता. ‘किंग्ज इंडियन’सारख्या बचावांतलं ‘इंडियन’ याच खेळाची आठवण ठेवून आहे. देशी डावात मुरलेल्या माणसाने परका नियम स्वीकारला, पण आपली तटबंदी सोडली नाही.

मीर सुलतान खानचंही तसंच. वडिलांकडून देशी डाव शिकलेला हा पंजाबी तरुण युरोपी नियम शिकला तो विशी उलटल्यावर. 1928 मध्ये त्याने अखिल भारतीय स्पर्धा जिंकली, 1929 मध्ये थेट ब्रिटिश अजिंक्यपद, आणि पुढे 1932 व 1933 मध्ये पुन्हा. हेस्टिंग्जच्या 1930–31 च्या स्पर्धेत त्याने कापाब्लांकालाही हरवलं. सुरुवातीच्या खेळ्यांत तो मागे पडे, पण मोहरी कमी झाली की त्याच्यापुढे टिकणं अवघड. मायदेशी परतल्यावर 1935 मध्ये त्याने आपल्या व्ही. के. खाडिलकरांशी दहा डावांची लढत खेळली. त्यांतला एक डाव खाडिलकरांनी बरोबरीत सोडवला, बाकीचे नऊ सुलतान खानचे. नऊ पराभवांच्या त्या रांगेत मला ती एक बरोबरी फार मोलाची वाटते.

महाराष्ट्रात दोन्ही नियमांची गाठ त्याही आधी पडली होती. त्रिवेंगडाचार्य शास्त्रींचं बुद्धिबळावरचं संस्कृत पुस्तक 1814 मध्येच मुंबईत इंग्रजीत छापलं गेलं, तेही युरोपी पद्धतीला जुळवून घेऊन. तरी घराघरांतला देशी डाव पुढे दीडशे वर्षं टिकला. 1951 मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला, 1955 मध्ये एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. स्पर्धा खेळायच्या तर नियमही तिथलेच हवेत. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांसारख्यांनी पुढच्या पिढ्या या नियमांवर घडवल्या. आणि आजोबांच्या वयाच्या माणसांनी? जे खेळत राहिले, त्यांनी चाळिशी-पन्नाशीत किल्लेकोट शिकून घेतला, प्याद्याची दोन घरांची चाल शिकून घेतली. त्यांच्या कष्टाची नोंद कुठल्या चषकावर नाही, आणि याची मला खंत वाटते.

आता मी खेळते ती त्यांच्याच वाटेने. सुरुवातीच्या खेळ्या मुलांना पंधरा-वीसपर्यंत पाठ असतात. तिथे त्यांच्याशी बरोबरी करायचा हट्ट मी धरत नाही. घोड्यापुढचं प्यादं एक घर, त्यामागे उंट, राजा आत, आणि मग वाट पाहायची. वजीर पटावरून गेले की मला बरं वाटायला लागतं, कारण प्यादी मोजत पुढे नेण्याची सवय हाताला जुनीच आहे.

याच्या जोडीला एक वही केली आहे. ऐंशी ओलांडलेलं कोणी भेटलं की देशी डावाचे त्यांच्या गावचे नियम विचारून लिहून घेते. राजाची उडी शह बसल्यावर कायमची जाते की शह सुटल्यावर परत मिळते? बुर्जी झाली की डाव तिथेच थांबायचा, की आणखी काही खेळ्या चालायच्या? घोड्याच्या घरात पोचलेल्या प्याद्याला लगेच एक उडी मिळायची का? शेजारशेजारच्या दोन गावांची उत्तरंही कधी जुळत नाहीत. मी दोन्ही लिहून ठेवते, सांगणाऱ्याच्या गावाच्या नावासह.