लाखाची सुपारी जाते कुठे? तमाशा फडाच्या हिशेबाचा इतिहास

पाडवा जवळ आला की गावोगावच्या यात्रा कमिटीत एक वाक्य ठरलेलं असतं. "तमाशावाले आता लाखाच्या खाली बोलत नाहीत. एका रात्रीचे लाख! आणि वर गरिबीचं रडगाणं." हे वाक्य मी पारावर ऐकलंय, ग्रामपंचायतीत ऐकलंय, आता व्हॉट्सअॅप ग्रुपवर वाचतो. बोलणाऱ्यांना मी दोष देत नाही. वर्गणी गोळा करताना घरोघरी त्यांनाच हात पसरावे लागतात. पण हे लाख जातात कुठे, याचा हिशेब आपण कधी मांडत नाही. तो आज मांडतो. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

आधी थोडं मागे जाऊ.

पेशवाईत शाहिरांना दरबाराचा आणि सरदारांचा आश्रय होता. १८१८ ला पेशवाई बुडाली, आश्रय संपला आणि फड रस्त्यावर आला. तेव्हापासून तमाशाचं पोट दोन ठिकाणी भरत आलं. एक, गावची जत्रा. दुसरं, शहरातलं थिएटर. मुंबईत गिरण्या वाढल्या, घाटावरची आणि कोकणातली माणसं तिथे राबायला गेली आणि त्यांच्या मागोमाग फड गेले. लालबागचं हनुमान थिएटर, पुण्याचं आर्यभूषण ही नावं जुन्या माणसांना अजून आठवतात.

या काळातलं सगळ्यात मोठं नाव पठ्ठे बापूराव. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जातीची चौकट मोडून ते फडात आले. पवळाबाईंची साथ मिळाली, मुंबई गाजवली. त्यांच्या लावण्या आजही गायल्या जातात. असा माणूस १९४५ साली हलाखीत गेला. लोक म्हणतात, व्यवहार कळला नाही, पैसा टिकवता आला नाही. असेलही. पण एकाच माणसाचं असं झालं असतं तर स्वभावाला दोष देऊन मोकळं होता आलं असतं. पुढच्या पिढ्यांतही तेच होत राहिलं, तेव्हा धंद्याची रचनाच तपासावी लागते.

स्वातंत्र्यानंतर लगेच खेर सरकारच्या काळात तमाशावर बंदी आली. अश्लीलतेचं कारण होतं. पुढे दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली सुधार समिती नेमली गेली, अटी आल्या, परवाने आले आणि तमाशा पुन्हा सुरू झाला. बंदी उठली, पण मधल्या काळात चूल बंद राहिली त्याची भरपाई कोणी केली नाही. आश्रय काढून घेतल्यावर किंवा खेळ थांबवल्यावर कलावंत खातो काय, हा प्रश्न विचारायची पद्धत तेव्हाही नव्हती.

मग आला तंबूचा जमाना. तुकाराम खेडकर, भाऊ-बापू मांग नारायणगावकर, विठाबाई, दत्ता महाडिक पुणेकर, काळू-बाळू कवलापूरकर. स्वतःचा तंबू, ट्रक, जनरेटर. आज या गावात, उद्या पुढच्या बाजारच्या गावात. तिकीट लावायचं आणि खेळ करायचा. तमाशाचा सुवर्णकाळ म्हणतात तो हाच. पण याच काळात फडमालक नुसता कलावंत उरला नाही. तो वाहतूकदार झाला, खानावळवाला झाला, मजुरांचा मुकादम झाला आणि मुख्य म्हणजे कर्जदार झाला.

हे कर्ज समजून घ्यायचं तर 'उचल' हा शब्द समजला पाहिजे. आपल्या भागात तो समजावून सांगायची गरज नाही. ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेतो आणि हंगामभर कोयता चालवून ती फेडतो. तमाशातही अगदी तसंच. दसऱ्याला फड बाहेर पडतो, बुद्ध पौर्णिमेच्या आसपास घरी येतो. नंतरचे पावसाचे महिने खेळ नाही. पण घराचे पत्रे त्याच महिन्यांत गळतात, पोरांच्या वह्या-पुस्तकांचा आणि दवाखान्याचा खर्चही तेव्हाच निघतो. म्हणून हंगाम संपताना कलावंत पुढच्या हंगामाची उचल मागतो. नाचणारी बाई असो, ढोलकीवाला असो, सोंगाड्या असो की तंबू ठोकणारा गडी असो, बहुतेक सगळे उचलीवर. मधेच फड सोडून दुसरीकडे जायचं तर नव्या मालकाने आधी जुन्याची उचल चुकती करायची.

मालक ही रक्कम आणतो कुठून? खासगी सावकाराकडून. बँक सातबारा मागते, तारण मागते. तमाशातली बहुतेक माणसं मांग, महार, कोल्हाटी समाजातली. पिढ्यानपिढ्या जमीन नाही, त्यामुळे तारण नाही. तंबू आणि जुने ट्रक बँक तारण म्हणून कशाला घेईल?

आता प्रत्यक्ष हिशेब करू. खालचे खर्चाचे आणि उत्पन्नाचे आकडे मी समजण्यापुरते धरलेत, ते कुठल्या एका फडाचे नाहीत. तारखा मात्र खऱ्या आहेत.

२०२४ चा दसरा १२ ऑक्टोबरला होता आणि पुढची बुद्ध पौर्णिमा १२ मे २०२५ ला. म्हणजे २१२ दिवसांचा हंगाम. समजा फडात ६० माणसं आहेत. मोठे फड याहून मोठे असतात. माणशी दिवसाचा पगार ६०० रुपये धरला तर ३६ हजार. दोन वेळचं जेवण आणि चहा-नाश्ता माणशी १५०, म्हणजे ९ हजार. डिझेल, जनरेटर, ट्रकची दुरुस्ती, जागाभाडं, परवाने, जाहिरातीची गाडी मिळून १५ हजार. झाले दिवसाचे ६० हजार. खेळ झाला तरी यातला बराच खर्च आहे आणि पावसाने खेळ बुडाला तरी आहे, कारण माणसं महिन्याच्या पगारावर असतात. २१२ दिवसांचे १ कोटी २७ लाख २० हजार.

आता उत्पन्न. जत्रांचा खरा हंगाम पाडव्यापासून बुद्ध पौर्णिमेपर्यंत. २०२५ मध्ये ३० मार्च ते १२ मे, म्हणजे ४३ दिवस. त्यात ३० सुपाऱ्या मिळाल्या आणि सरासरी दीड लाखाची मिळाली असं धरू. झाले ४५ लाख. उरलेले ८२ लाख २० हजार आधीच्या १६९ दिवसांत तिकिटावर मिळवायचे. शंभर रुपये तिकीट धरलं तर रोज, एकही दिवस खाडा न करता, जवळपास ४९० तिकिटं खपली पाहिजेत. मंगळवार असो, थंडी असो, गावात मयत झालेलं असो की टीव्हीवर भारताची मॅच असो. एवढं जमलं तर मालक ना नफा ना तोटा.

यात अजून व्याज धरलेलं नाही. ६० माणसांना ३० हजारांची उचल म्हणजे १८ लाख. सावकाराचा दर शेकडा ३ रुपये महिना धरला तर महिन्याला ५४ हजार, वर्षाला ६ लाख ४८ हजार. म्हणजे चारपेक्षा जास्त जत्रांची सुपारी नुसती व्याजात गेली. तुमच्या गावाने मोठ्या मिनतवारीने दिलेले दीड लाख कदाचित त्याच चारांतले असतील.

"मग जत्रांचे दर वाढवतात ते बरोबर का?" असं कोणी विचारेल. त्याचं उत्तर पंचांगात आहे. आपल्या जत्रा तिथीवर चालतात. चैत्र पौर्णिमेला कितीतरी गावांची जत्रा एकाच दिवशी, अष्टमीला पुन्हा तीच गर्दी. फड मात्र त्या रात्री एकाच गावात असू शकतो. मागणी असलेल्या तिथीला भाव चढतो आणि मधल्या रिकाम्या तिथीला तोच फड निम्म्यावरही यायला तयार होतो. नारायणगावला पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात. तिथे बसून पाहिलं की हे लगेच कळतं. गावचे पंच जीपमधून उतरतात आणि आधी तिथी सांगतात. व्यवस्थापक वही उघडतो, त्या तिथीचं पान बघतो आणि मगच दर बोलतो. घासाघीस होते, विसार दिला जातो, नारळ-सुपारी होते. त्या सुपारीत रात्रीचा खेळ आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरीसुद्धा. एका पैशात दोन कार्यक्रम. रात्रभर नाचलेल्या मुली सकाळी पुन्हा चेहरा रंगवून उभ्या राहतात, हे वर्गणीचा हिशेब करताना आपल्या लक्षात राहत नाही.

एका फडाच्या व्यवस्थापकाने मला राहुटीत सांगितलं होतं, "दादा, आमची रात्र आम्ही विकत नाही. ती आधीच विकलेली असते. आम्ही नुसती पोचवतो." उचल घेतली त्या दिवशी कलावंताने हंगाम विकला. मालकाने कर्ज काढलं त्या दिवशी त्याने जत्रा विकल्या. टाळ्या नंतर वाजतात.

या नजरेने विठाबाई नारायणगावकरांकडे पाहा. खेळ चालू असताना पडद्यामागे त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकिगत महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. आपण ती कलेवरची निष्ठा म्हणून अभिमानाने सांगतो. निष्ठा होतीच. पण मला दुसराही प्रश्न पडतो. त्या रात्री त्या आत पडून राहिल्या असत्या तर तिकिटाचे पैसे परत कोणी दिले असते? फडाचं दुसऱ्या दिवशीचं जेवण कुठून आलं असतं? बाळंतपणाची रजा कुठल्या फडाच्या वहीत लिहिलेली असते? १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपती पदकं मिळालेल्या या बाई जानेवारी २००२ मध्ये गेल्या, तेव्हा त्यांच्या दवाखान्याच्या बिलासाठी लोकांकडून मदत गोळा करावी लागली होती. नंतर सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पुरस्कार चांगलाच आहे. पण उचलीचं व्याज त्याने कमी झालं नाही.

गेल्या वीस वर्षांत तीन धक्के बसले.

पहिला वेळेचा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद हे पक्कं केलं. वर्षातल्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सूट मिळते. आजारी माणसाच्या आणि परीक्षेच्या पोरांच्या बाजूने पाहिलं तर नियम योग्यच. पण तमाशा हा पहाटेपर्यंत चालणारा खेळ. गण, गवळण, बतावणी, मग वग. शेतातली कामं उरकून, जेवून माणूस नऊला तंबूत येतो आणि दहाला माईक बंद करायची वेळ होते. कापला जातो तो वग. मग दोन तासांत गर्दी खेचायला सिनेमाची गाणी आणि दिवे. त्यांचा खर्च वेगळा. तमाशा बिघडला असं आपण म्हणतो, तेव्हा घड्याळाचाही त्यात वाटा आहे.

दुसरा, ८ नोव्हेंबर २०१६. नोटाबंदी. तिकीट रोखीत, पगार रोखीत, डिझेल रोखीत, सावकार रोखीत. हंगाम ऐन सुरू झालेला आणि लोकांच्या खिशात चालणारी नोट नाही.

तिसरा तर सगळ्यात क्रूर. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता. देशभरातल्या लॉकडाऊनचा पहिला दिवस तोच. सुपाऱ्या ठरायच्या दिवशीच कुलूप लागलं. पुढच्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला आला आणि त्याच संध्याकाळी मुख्यमंत्र्यांनी राज्यात नवे कडक निर्बंध जाहीर केले. सलग दोन चैत्र गेले. उचल मात्र वाटून झालेली होती आणि व्याजाला लॉकडाऊन नसतो. सरकारने कलावंतांना एकरकमी ५ हजार रुपये जाहीर केले. वरच्या हिशेबात ते कुठे बसतात ते तुम्हीच बघा. त्याच कोविडने मे २०२१ मध्ये कांताबाई सातारकरांनाही नेलं.

हे सगळं लिहिण्यामागे तमाशावाल्यांची कीव करावी असा हेतू नाही. मालकांमध्येही पिळणारे आहेत, उचल घेऊन पळणारे कलावंतही आहेत. ते मान्य करूनच सांगतो, हा धंदा टिकवायचा असेल तर अनुदानाच्या आधी कर्जाचं बघावं लागेल. जून महिन्यात बँकेच्या किंवा सहकारी पतसंस्थेच्या रास्त दराने उचलीपुरतं हंगामी कर्ज मिळालं, तर फडाच्या डोक्यावरचा सगळ्यात मोठा दगड उतरेल. शेतकऱ्याला पीककर्ज मिळतं, कारण त्याचा हंगाम सरकारला समजतो. फडाचाही हंगाम तेवढाच ठरलेला आहे. आमदार-खासदारांच्या सत्काराला आपण जातो, तिथे हा एक विषय काढायला हरकत नाही.

आणि यात्रा कमिट्यांसाठी चार गोष्टी, ज्यांना सरकार लागत नाही. ठरलेली सुपारी पूर्ण द्या. "गर्दी कमी होती" म्हणून सकाळी हजेरीनंतर पैसे कापू नका. बायांसाठी आडोसा, पाणी आणि संडासाची सोय करा. शाळेची खोली एक रात्र उघडून दिली तरी पुरे. परवानगीचं काम कमिटीने आधीच करून ठेवा, म्हणजे पोलिसांची गाडी आल्यावर व्यवस्थापकाला कोणाचे पाय धरावे लागणार नाहीत. आणि पुढच्या वर्षीचा विसार याच वर्षी, जत्रा संपताना देता आला तर जरूर द्या. तुमच्या दृष्टीने ते दहा-वीस हजार असतील. फडासाठी तेवढीच बिनव्याजी उचल असते.

तुमच्या गावात तमाशा अजून येतो का, बंद झाला असेल तर कधीपासून आणि कशामुळे, ते खाली लिहा. कमिटीत काम केलेल्यांनी जरूर लिहा.