रेपो दर आणि सरकारी कर्जरोखे

रेपो दर : रिझर्व्ह बँक सरकारी रोखे तारण घेऊन बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचे कर्ज देते तो व्याजदर. २०१६ पासून तो सहा सदस्यांची पतधोरण समिती ठरवते. दर वाढला की सहसा नव्या रोख्यांवर जास्त व्याज मिळू लागते व जुन्यांचे भाव उतरतात. उदा., वर्षअखेर १०७ रुपये देणारा रोखा ७ टक्के परताव्याला १०० रुपयांना, तर ८ टक्क्यांना सुमारे ९९ रुपयांना विकला जातो. मे २०२० मध्ये ४ टक्क्यांवर आणलेला रेपो दर फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५ टक्क्यांवर गेला. अशा वाढीने सरकारची नवी उचल महागते. जुन्या स्थिरव्याजी रोख्यांवरील व्याज मात्र मुदतीपर्यंत तेच राहते.