मिलिकन यांच्या वहीतले थेंब

मिलिकन यांचा तैलबिंदू प्रयोग शिकवताना आपण आकृती काढतो, सूत्र मांडतो आणि इलेक्ट्रॉनवरील विद्युतभाराची किंमत सांगून पुढे जातो. ती किंमत पुढे कशी दुरुस्त झाली, हे सांगायला तासिकेत वेळ उरत नाही.

रॉबर्ट मिलिकन यांनी १९१३ साली शिकागोहून प्रसिद्ध केलेल्या निबंधात ५८ थेंबांची निरीक्षणे दिली. हे निवडक थेंब नसून सलग ६० दिवसांत तपासलेले सर्व थेंब आहेत, असे त्यात ठासून लिहिले होते. १९७८ साली विज्ञानेतिहासकार जेराल्ड होल्टन यांनी त्यांच्या प्रयोगवह्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा थेंब शंभराच्या वर निघाले! काही नोंदींशेजारी 'सुंदर, हे छापावे' अशा अर्थाचे शेरेही होते. वगळलेल्या बऱ्याच नोंदींना कारणे होती. कुठे उपकरण नीट चालत नव्हते, कुठे हवेत प्रवाह निर्माण झाले होते. अ‍ॅलन फ्रँकलिन यांनी १९८१ साली ही आकडेमोड पुन्हा केली. वगळलेले थेंब धरले तरी उत्तर फारसे हलत नाही, फक्त त्यातील अनिश्चितता वाढते. तरीही 'सर्व' हा शब्द खरा नव्हता. वाचणाऱ्याजवळ मूळ वही नसते, निबंधच असतो. म्हणून हा शब्द आम्हाला किरकोळ वाटत नाही.

गंमत अशी की मिलिकन यांच्या उत्तरातली चूक या थेंबांत नव्हतीच. आजच्या एककांत त्यांची किंमत १.५९२ होते आणि खरी आहे १.६०२ (दोन्ही गुणिले दहाचा उणे एकोणिसावा घात, कूलोममध्ये). थेंबाची त्रिज्या त्याच्या पडण्याच्या वेगावरून काढतात आणि त्यासाठी हवेची विष्यंदिता ठाऊक असावी लागते. मिलिकन यांनी वापरलेला विष्यंदितेचा आकडा सुमारे ०.४ टक्क्याने कमी होता. विद्युतभार विष्यंदितेच्या दीड घाताच्या प्रमाणात बदलतो, म्हणून उत्तर ०.६ टक्क्याने कमी आले. हे गणित वर्गात फळ्यावर करून पाहावे.

आता समजा, दुसऱ्या प्रयोगशाळेने हाच प्रयोग अगदी काळजीपूर्वक केला, पण विष्यंदितेचा आकडा तोच घेतला. उत्तर जुळेल, आणि चुकीचेच जुळेल. रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ च्या एका भाषणात सांगितले की, मिलिकन यांच्यानंतरचे संशोधक आपले उत्तर त्यांच्याहून फार मोठे आले की चूक शोधत बसत आणि जवळ आले की तितकी चिकित्सा करत नसत. माणसाचा स्वभाव म्हणून हे पटते. पण चूक उघडी पडली ती वेगळ्याच वाटेने. क्ष-किरणांची तरंगलांबी रेघा आखलेल्या जालकाने थेट मोजता येऊ लागली. तिच्यावरून स्फटिकातील अणूंचे अंतर, त्यावरून अ‍ॅव्होगाड्रो संख्या आणि विद्युतविच्छेदनातील फॅरडेच्या स्थिरांकाच्या साहाय्याने इलेक्ट्रॉनचा भार मिळाला. या वाटेवर तेलाचा थेंब नाही, हवाही नाही. १९२८ च्या सुमारास स्वीडनमधील उप्साला येथे ही तफावत दिसली, आणि १९३० च्या दशकात हवेची विष्यंदिता नव्याने मोजली गेली. तो नवा आकडा सूत्रात घालताच मिलिकन यांचे जुनेच थेंब नव्या किमतीशी जुळू लागले.