वसंतदादा आणि कृष्णेचं पाणी: टंचाईवरचं उत्तर आणि पुराचा प्रश्न

आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातलाच आहे, त्यामुळे वाक्यं कुठे बोलकी वाटली तर सांभाळून घ्या.

निवडणूक जवळ आली की एक शब्द हमखास कानावर येतो: कामाचा माणूस. "आमचे आमदार कामाचे आहेत हो." पण काम म्हणजे नक्की काय? रस्त्याचं डांबरीकरण, सभामंडप, हायमास्ट दिवे? की गावाच्या पोटापाण्याची घडी बदलेल असं काही? आज आपण एका ग्रामीण नेत्याचं स्थानिक काम जरा नीट बघणार आहोत. नेता म्हणजे वसंतदादा पाटील. ते मुख्यमंत्री होते, राज्यपालही झाले. पण आपल्याला बघायचंय ते सांगलीतलं काम: शेती, धंदा, आणि या दोन्हींच्या मुळाशी असलेली कृष्णा नदी.

आधी मोबाईलवर नकाशा उघडा आणि सांगली शोधा. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा कराडला कोयनेला भेटते. पुढे ब्रह्मनाळला येरळा येऊन मिळते, सांगलीला लागून असलेल्या हरिपूरला वारणा मिळते, आणि खाली नृसिंहवाडीला पंचगंगा. मग कृष्णा कर्नाटकात जाते. तिथं पुढे अलमट्टी धरण आहे. आता नकाशा पूर्वेकडं सरकवा: कवठेमहांकाळ, जत, आटपाडी. हाही सांगली जिल्हाच, पण पर्जन्यछायेतला, कायम दुष्काळी. म्हणजे एकाच जिल्ह्यात एका टोकाला पुराची भीती, दुसऱ्या टोकाला टँकरची वाट. दादांच्या कामाची गोष्ट या नकाशाशिवाय कळत नाही.

दादांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ चा. गाव पद्माळे, सांगलीजवळ कृष्णाकाठी. आई-वडील ते तान्हे असतानाच साथीत गेले, आजीनं वाढवलं. शाळा फारशी झाली नाही. १९४२ च्या चळवळीत ते भूमिगत झाले, पकडले गेले आणि सांगलीच्या तुरुंगात पडले. २४ जुलै १९४३ ला साथीदारांसह त्यांनी तो तुरुंग फोडला. किल्ल्याच्या तटावरून खंदकात उड्या, मागं पोलीस, पुढं कृष्णा. आणि महिना जुलैचा, त्यामुळे नदीला पूर. त्या दिवशी अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हे दोन तरुण मारले गेले. दादांच्या खांद्यात गोळी लागली आणि ते पुन्हा पकडले गेले. हा प्रसंग सांगलीत आजही सांगतात. नदी भरली की काय होतं हे या माणसाला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती, एवढं लक्षात ठेवा.

स्वातंत्र्यानंतर १९५२ ला ते आमदार झाले. तेव्हा सांगली भागातल्या शेतकऱ्याची अडचण साधी होती. नदी डोळ्यांसमोर, शेत दहा-वीस मीटर उंचावर, आणि मधे पाणी चढवायची सोय नाही. विहिरीवर मोट, नाहीतर आभाळाकडं बघणं. एकट्यानं इंजिन घ्यावं, पाइपलाइन टाकावी, तर पैसा कुठून आणायचा? बँक दारात उभी करत नव्हती आणि सावकाराचं व्याज परवडत नव्हतं.

यावरचं उत्तर होतं सहकार. ती कल्पना काही दादांची एकट्याची नव्हे. नगर जिल्ह्यात प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू करून दाखवला होता. दादांनी तो धडा सांगलीत गिरवला. १९५० च्या दशकात शेतकरी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. गावोगाव फिरून शेअर्स गोळा केले गेले. पुढे हा कारखाना इतका वाढला की आशियातला सर्वांत मोठा साखर कारखाना अशी त्याची ओळख सांगितली जायची.

आता यातली मेख समजून घ्या, कारण शाळेच्या पुस्तकात ती येत नाही. कारखाना म्हणजे नुसतं साखरेचं यंत्र नव्हे, ती पत होती. समजा पन्नास शेतकरी एकत्र आले आणि त्यांनी उपसा सिंचन संस्था काढली. नदीकाठी जॅकवेल, त्यावर पंप, तिथून वर रानापर्यंत पाइपलाइन. यासाठी कर्ज लागतं. बँक विचारणार, फेडणार कसं? उत्तर तयार होतं: ऊस कारखान्याला जाणार, उसाच्या बिलातून हप्ता परस्पर कापला जाणार. म्हणजे कारखान्यामुळं कर्ज मिळालं, कर्जामुळं पाणी चढलं, पाण्यामुळं ऊस आला आणि उसामुळं कारखाना चालला. चाक एकदा फिरलं की फिरतच राहिलं. त्याच बिलाच्या कपातीतून परिसरात शाळा, दवाखाने उभे राहिले. कृष्णाकाठच्या गावांत कौलारू घरांच्या जागी स्लॅबची घरं आली, ती याच पैशातून.

बाजार तर सांगलीत आधीपासून होता. हळदीचा. कृष्णेपलीकडच्या सांगलवाडीत आणि हरिपूरला जमिनीत खोल पेवं खणून त्यात हळद साठवायची जुनी पद्धत. तिथली माती अशी की पेव ढासळत नाही, आत हवा जात नाही, आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. शेतकऱ्यानं पिकवायचं, व्यापाऱ्यानं पेवात ठेवायचं, भाव आला की काढायचं. हळदीचं गाव असलेली सांगली आता साखरेचंही गाव झाली. दोन्ही धंद्यांचा पाया एकच: नदीकाठची जमीन. हेही लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दादा नंतर राज्याच्या राजकारणात गेले. १९६७ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९७२ च्या दुष्काळात पाटबंधारे खातं त्यांच्याकडं होतं. त्याच काळात कृष्णेच्या पाण्यावरून महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र यांच्यात वाद चालू होता. बच्छावत लवादानं महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी पाणी दिलं. आता वाट्याचं पाणी वापरायचं कसं हा प्रश्न आला. सांगलीच्या पूर्व भागात ते उताराच्या कालव्यानं जात नाही, उचलूनच न्यावं लागतं. दादा १९८३ मध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाले, आणि त्यांच्या या कारकिर्दीत ताकारी आणि म्हैसाळ या उपसा योजनांना मंजुरी मिळाली. पन्नास शेतकऱ्यांच्या जॅकवेलची कल्पनाच आता सरकारी मापात आली: टप्प्याटप्प्यानं पंप, आणि पाणी थेट दुष्काळी तालुक्यांत. "पाणी अडवा, पाणी जिरवा" ही घोषणाही त्यांच्याच नावाशी जोडलेली आहे.

इथं दुसरी बाजू सांगायलाच हवी. मंजुरी मिळाली म्हणजे पाणी आलं असं नाही. पूर्वेकडच्या गावांनी त्यासाठी वर्षानुवर्षं वाट पाहिली. नागनाथअण्णा नायकवडी हेही स्वातंत्र्यसैनिक, वाळव्याचे. त्यांनी आणि डॉ. भारत पाटणकरांनी पुढे दुष्काळी तालुक्यांच्या समन्यायी पाणीवाटपासाठी पाणी परिषदा घेतल्या, मोर्चे काढले. त्यांचा सवाल रोकडा होता: नदीकाठी बारमाही ऊस उभा आणि आमच्याकडं प्यायला पाणी नाही, हे कसं? ज्या चाकानं कृष्णाकाठ सुधारला, त्याच चाकानं पाणी आणि सत्ता ठरावीक पट्ट्यात गोळा झाली, हे नाकारता येत नाही. पुढे तर दादांचा कारखानाही कर्जात अडकला आणि भाडेतत्त्वावर खासगी कंपनीला चालवायला द्यावा लागला.

दादा १ मार्च १९८९ ला गेले. आणि त्यानंतर नदीनं वेगळाच प्रश्न विचारला.

सांगलीत आयर्विन पुलावर पाण्याची पातळी मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. पावसाळ्यात सांगलीकरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर क्रिकेटच्या स्कोअरसारखे हे आकडे फिरतात. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेलं. हरिपूर-सांगलवाडीच्या पेवांत पाणी शिरलं, हळद कुजली आणि कितीतरी पेवं कायमची बंद पडली. व्यापारी गोदामांकडं वळले. पिढ्यान् पिढ्या टिकलेली पद्धत एका पावसाळ्यात मोडली. मग ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. शहरातली बाजारपेठ पाण्यात, ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी नाव उलटून अनेकांचे जीव गेले. लगेच दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, पुन्हा मोठा पूर.

शेतात काय झालं ते बघा. ऊस दणकट पीक, थोडं पाणी सोसतो. पण शेंडाच आठवडाभर पाण्याखाली गेला की कुजतो. पाणी वाढायला लागलं की शेतकरी रात्री-अपरात्री आधी नदीवरच्या मोटारी काढायला धावतात, कारण ती मोटार म्हणजे वर्षाची कमाई. म्हणजे ज्या जॅकवेलनं घर सावरलं, तीच पुरात पहिली सापडते. आणि काठापर्यंत ऊस, काठापर्यंत वस्ती, ओढे बुजवून केलेले प्लॉट, पूररेषेच्या आतली बांधकामं. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नकाशावर दोन्ही आहेत. जमिनीवर त्या कुठं आहेत, ते सांगलीत हिंडून शोधावं लागतं.

पूर आला की बोट अलमट्टीकडं जातं. धरणाची फूग मागं येते म्हणून सांगली बुडते, हे तुम्ही ऐकलं असेल. २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारनं नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीनं अलमट्टीला पुराचं कारण मानलं नाही. थोड्या दिवसांत पडलेला प्रचंड पाऊस आणि नदीपात्रातली, पूरक्षेत्रातली अतिक्रमणं यावर तिनं बोट ठेवलं. सांगली-कोल्हापुरातल्या अनेकांना हा निष्कर्ष आजही पटत नाही. कर्नाटकला धरणाची उंची वाढवायची आहे, म्हणून वाद आणखी तापतो. हा वाद आज इथं सुटणार नाही. पण एक बघा: धरण दुसऱ्या राज्यात आहे म्हणून त्यावर बोलणं सोपं जातं. आपल्याच गावातला बुजलेला ओढा मोकळा करा म्हणणं अवघड असतं, कारण तो प्लॉट कुणाच्या तरी मतदाराचा असतो.

आता मूळ प्रश्नाकडं. दादांचं काम यशस्वी का झालं? कारण त्यांनी धरलेला प्रश्न गाव आणि तालुक्याच्या मापाचा होता. पाणी वर चढवायचं, ऊस गाळायचा, पैसा वाटायचा. पन्नास माणसं एकत्र आली तर जमणारं काम. शिवाय त्यात प्रत्येकाला काहीतरी मिळत होतं. पुराचा प्रश्न तसा नाही. तो महाबळेश्वरपासून अलमट्टीपर्यंत पसरलाय, तीन-चार नद्या, अनेक धरणं, दोन राज्यं. आणि त्यात कुणाला तरी काहीतरी सोडावं लागतं: काठावरचा प्लॉट, ओढ्यातलं बांधकाम, धरण लवकर भरून ठेवायचा मोह. मिळवून देणारा नेता लोकांना आवडतो. सोडायला सांगणाऱ्याला मतं कोण देणार?

तरीही मला वाटतं, दादांच्या कामात या प्रश्नाची किल्ली आहे. त्यांनी लोकांना फुकट काही वाटलं नाही. संस्था काढली, तिच्यात प्रत्येकाचा शेअर ठेवला आणि हिशेब एकमेकांना बांधला. पुरासाठीही तसंच काहीतरी लागेल. गावागावात मोटारी, जनावरं, माणसं हलवायची ठरलेली व्यवस्था. काठाची जमीन पड ठेवणाऱ्याला मोबदला. वरच्या धरणातून पाणी सुटलं की खालच्या गावाला वेळेत निरोप. काही सुरुवाती झाल्यात. पावसाळ्यात दोन्ही राज्यांचे अधिकारी धरणांचे आकडे एकमेकांना कळवतात. पुराच्या दिवसांत म्हैसाळचे पंप चालवून पूर्वेकडचे तलाव भरून घेतलेत. त्यानं पूर काही ओसरत नाही, कारण नदीच्या लोंढ्यापुढं पंप फारच लहान. पण जतच्या तलावात ते पाणी पोचतं, आणि जतकरांनी त्यासाठी खूप वर्षं वाट पाहिलीय.

म्हणून पुढच्या वेळी कुणी "कामाचा माणूस" म्हणून मत मागायला आला, तर त्याला दोन प्रश्न विचारा. पाणी कुठून आणणार, हा पहिला. तो सगळेच विचारतात. आणि पाणी आलंच अंगावर, तर त्याला वाट कुठून देणार?

तुमच्या गावात पूररेषा कुठून जाते, ते घरातल्या मोठ्यांना विचारा. कोणत्या साली पाणी कुठल्या पायरीला लागलं होतं, हे त्यांना पाठ असतं. आम्हाला कळवा, पुढच्या एखाद्या भागात वाचून दाखवू. तोवर काळजी घ्या, भेटू लवकरच!