भरतीच्या मैदानात काय मोजले जाई?

मे १७३९. वसईच्या तटाला सुरुंगांनी खिंडारे पडली आणि चिमाजी अप्पांचे सैनिक गोळ्यांच्या माऱ्यात त्यांवर चढले. या माणसांना चाकरीत घेताना कोणी घड्याळ लावून पळवले नव्हते. मग सैनिक निवडला जाई तो कशावरून?

शिवकालाविषयी ग्रँट डफने एक मार्मिक नोंद केली आहे. नव्या माणसाची महाराज स्वतः पारख करीत आणि आधीपासून चाकरीत असलेल्या कोणाला तरी त्याच्या वर्तनाबद्दल जामीन राहावे लागे. म्हणजे कसोटी होती ती इमानाची. सह्याद्रीच्या चढउतारांवर वाढलेल्या मावळ्याचे पाय तपासण्याची गरजच काय!

पुढे कंपनी सरकारच्या मुंबई सैन्यात महार सैनिक मोठ्या संख्येने होते. कोरेगाव येथे १ जानेवारी १८१८ रोजी झालेल्या लढाईच्या स्मारकस्तंभावर ‘नाक’ हा प्रत्यय असलेली अनेक नावे आजही वाचता येतात. या शिपायांची दमछाक झाली, ते मागे पडले, अशी तक्रार कोणी केली नव्हती.

तरीही दार बंद झाले. १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्सचा ‘लढवय्या जमातीं’च्या सिद्धान्तावर दृढ विश्वास होता. उंची आणि छाती मोजली जाई, हे खरे. पण फीत हातात घेण्याआधीच जात विचारली जाई. कोणत्या जातीचा, कोणत्या भागातला जवान घ्यावा हे सांगणाऱ्या पुस्तिकाच भरती अधिकाऱ्यांसाठी निघू लागल्या. मराठ्यांविषयीची बेथमची पुस्तिका १९०८ ची. या धोरणात १८९२ च्या सुमारास महारांची भरती थांबली.

या अन्यायाविरुद्ध १८९४ साली विनंतिअर्ज लिहिला तो गोपाळबाबा वलंगकरांनी. ते स्वतः निवृत्त हवालदार. अर्जात त्यांनी पूर्वजांची सेवा सांगितलीच, शिवाय आपण मूळचे क्षत्रिय आहोत असेही मांडले. येथे क्षणभर थांबावे. आयुष्य पलटणीत घालवलेल्या माणसाला आपल्या लोकांची योग्यता पटवण्यासाठी कुळाचा दाखला द्यावा लागत होता. कारण सत्तेने प्रश्नच कुळाचा विचारला होता. १९०४ नंतर शिवराम जानबा कांबळे यांनीही अर्जांचा हा मार्ग चालू ठेवला.

सिद्धान्त डळमळला तो मनुष्यबळाच्या टंचाईने. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि १९२१ मध्ये तीही मोडली. गरज सरो, वैद्य मरो! दुसऱ्या महायुद्धात पुन्हा माणसे कमी पडू लागली, तेव्हा १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची स्थापना झाली. ती आजही आहे.

आजच्या रेजिमेंटांच्या नावांत जुन्या वर्गवारीच्या खुणा उरल्या आहेत. भरती मेळाव्यातील धाव मात्र सर्वांना सारखीच: १.६ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ जुना एक मैल. कित्येक वर्षे प्रचलित असलेल्या नियमांनुसार ५ मिनिटे ३० सेकंदांत धावणाऱ्याला ६० गुण आणि ५ मिनिटे ४५ सेकंदांपर्यंत येणाऱ्याला ४८. शिवाय नऊ फुटी खंदकावरून उडी आणि दहा पुल-अप्सचे ४० गुण.

घड्याळही पूर्ण निःपक्षपाती नसते. सरावाला मैदान आणि पायाला बरे बूट सर्वांनाच लाभत नाहीत. पण ४०० मीटरच्या चार फेऱ्या, प्रत्येकी सरासरी साडेब्याऐंशी सेकंदांत पुऱ्या करणाऱ्याला ते आडनाव विचारत नाही.